बुरशी : शेतातली आणि बाटलीतली

जानेवारी उजाडला की वाईहून पसरणीचा घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लांबत जाते. पाचगणी, भिलार, महाबळेश्वरच्या रस्त्यांवर दुतर्फा लालचुटूक स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या असतात, आणि परतीच्या वाटेवर बहुतेक प्रत्येक गाडीत दोन-चार पेट्या चढतात. दुसऱ्या दिवशी पुण्यात किंवा डोंबिवलीत ती पेटी उघडावी, तर वरचा थर टवटवीत आणि तळाच्या एखाद्या फळावर पिंजलेल्या कापसासारखी राखाडी लव. मग घरोघरी एकच निवाडा होतो : विकणाऱ्याने फसवले, वर चांगला माल लावून खाली कुजका भरला. असे करणारे विक्रेते नसतात असे नाही. परंतु प्रत्येक कुजलेल्या फळामागे लबाडीच शोधणारा हा निवाडा फार सोपा आहे, आणि तो नको त्या माणसाच्या माथी मारला जातो.

त्या राखाडी लवेचे शास्त्रीय नाव बोट्रायटिस सिनेरिया. शेतकरी तिला करडी बुरशी म्हणतात. पानांवर पांढरी पूड धरणारी भुरी निराळी. ही करडी बुरशी बहुधा पेटीत जन्म घेत नाही. ती फुलात शिरते. फूल उमललेले असताना हवेतून आलेले तिचे बीजाणू ओलाव्यात रुजतात, फुलाच्या सुकत चाललेल्या भागांतून आत जातात आणि तिथे निमूट पडून राहतात. फळ हिरवे असते तोवर त्यातील संरक्षक द्रव्ये तिला वाढू देत नाहीत. फळ पिकते, साखर वाढते, पेशींच्या भिंती सैल होतात, आणि मग ती जागी होते. याचा अर्थ असा की तोडणीच्या सकाळी निर्दोष दिसणाऱ्या फळात बुरशी आधीच वस्तीला आलेली असू शकते. तोडणाऱ्या बाईला ती दिसत नाही, भरणाऱ्याला दिसत नाही, विकणाऱ्यालाही दिसत नाही. ती दिसते ती ग्राहकाच्या घरी, तिसऱ्या दिवशी. आणि एकदा वर आली की शेजारच्या फळाला नुसत्या स्पर्शाने ग्रासते. पेटीत एका ठिकाणी घरटे केल्यासारखी चार-पाच फळे एकत्र कुजलेली आढळतात, त्याचे कारण हेच.

दुसरी एक बुरशी आहे, रायझोपस. पावावर काळ्या टाचण्यांच्या डोक्यांसारखे ठिपके आणणारी ती हीच. ती फळाला मऊ करून त्याचा रस गाळते; पेटीच्या तळाशी लाल पाणी साचलेले दिसले की बहुधा तिचे काम समजावे. मात्र चार-पाच अंशांखाली तिची वाढ जवळजवळ थांबते. करड्या बुरशीला ती सवलत ठाऊक नाही. शीतकपाटाच्या थंडीत ती मंदावते, थांबत नाही. निसर्गाचा विनोद असा की हीच करडी बुरशी फ्रान्समधील सोतेर्न आणि हंगेरीतील तोकाय या प्रांतांत द्राक्षांवर नेमक्या हवामानात आली, तर तिच्यापासून जगातील महागड्या गोड वाइन तयार होतात आणि तिचे कौतुकाने स्वागत होते. आपल्या सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र तिचे फक्त नुकसान येते.

फळाच्या स्वभावातच एक अडचण आहे. आंबा, केळे, चिकू झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. अढीत घालता येतात. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर पिकत नाही. तिचा रंग थोडा गडद होईल, परंतु गोडी वाढणार नाही. म्हणजे शेतकऱ्यापुढे दोनच वाटा. पूर्ण लाल फळ तोडावे, तर ते बुरशीच्या तोंडाशी आलेले असते. अर्धे पांढरे तोडावे, तर ते टिकते, पण खाणारा तोंड वाकडे करतो. त्यातच या फळाला साल म्हणावी अशी साल नाही, आणि वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. अशा नाजूक फळाला रानातून महानगरात नेणे हे एका अर्थाने घड्याळाशी लावलेली पैज आहे.

शेतात शेतकरी करायचे ते पुष्कळ करतो. उंच गादीवाफे, त्यांवर प्लास्टिकचे आच्छादन, फळ मातीला टेकू नये याची काळजी, पाणी वरून न शिंपडता ठिबकने मुळाशी. हे सारे बुरशीविरुद्धचेच उपाय आहेत. पण आकाशावर आच्छादन घालता येत नाही. २०२१ च्या डिसेंबरच्या आरंभी राज्यात जो अवकाळी पाऊस झाला, त्याने महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला ऐन हंगामाच्या तोंडावर झोडपले. फुलांवर पाणी, ढगाळ हवा, दिवसचे दिवस न सुकणारी पाने. बुरशीला याहून अधिक काय हवे?

खरा घोटाळा शेतानंतर होतो. तोडलेल्या फळात रानातली उष्णता साठलेली असते. ती उष्णता जितकी लवकर काढून घ्यावी तितके त्याचे आयुष्य वाढते. त्यासाठी थंड हवा पेट्यांमधून जोराने खेळवून फळ शून्य ते दोन अंशांपर्यंत आणावे लागते. याला पूर्वशीतकरण म्हणतात. तोडणी आणि शीतकरण यांत काही तासांचा जरी विलंब झाला, तरी नंतर कितीही उत्तम शीतगृह मिळाले तरी गेलेले दिवस परत येत नाहीत. मोठ्या बागाईतदाराला आणि प्रक्रिया उद्योगाशी बांधलेल्या शेतकऱ्याला ही सोय काही प्रमाणात मिळते. दहा-वीस गुंठ्यांवर स्ट्रॉबेरी लावणाऱ्याचे काय? त्याच्या पेट्या झाडाच्या सावलीत संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत थांबतात, रात्रभर घाटातून हिंदकळत वाशीच्या बाजारात पोहोचतात, तिथून किरकोळ विक्रेत्याच्या हातगाडीवर. एवढ्या प्रवासात कुठे एका ठिकाणी फळ चेपले, की बुरशीला दार उघडे झाले. आणि बंद पेटीत फळांच्या श्वासाची वाफ साचते ती वेगळीच.

जुन्या लोकांनी याचे उत्तर वेगळ्या प्रकारे शोधले होते. करवंदे आणि जांभळे हीही अशीच नाशवंत फळे. डोंगरातून रानमेवा घेऊन येणाऱ्या ठाकर-कातकरी बाया तो पानांच्या द्रोणात, उघड्यावर, त्याच दिवशी विकून मोकळ्या होत. उद्यासाठी ठेवायचा हा विचारच नव्हता. तो व्यवहार आज मोठ्या शहरांना पुरा पडणार नाही हे उघड आहे, आणि त्याची भाबडी आळवणी करून शेतकऱ्याच्या पदरात चार पैसेही पडणार नाहीत. परंतु फळाच्या आयुष्याला शरण जाऊन बाजार आखायचा, की बाजाराच्या सोयीसाठी फळाचे आयुष्य ताणायचे, हा प्रश्न त्या द्रोणाने सोडवला होता आणि प्लास्टिकच्या पेटीने तो पुन्हा उघडला आहे, हे मान्य करावे लागेल.

आयुष्य ताणण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फवारणी. येथे शहरी ग्राहकाने स्वतःलाही थोडे विचारले पाहिजे. फळावर ठिपकादेखील नको आणि फळात औषधाचा अंशही नको, या दोन मागण्या एकाच दमात केल्या जातात. स्ट्रॉबेरी सोलून खाता येत नाही. जे वर पडले ते पोटात जाते. बुरशीनाशक मारल्यानंतर किती दिवस तोडणी करू नये याचे नियम आहेत, पण स्ट्रॉबेरीची तोडणी हंगामात दर दोन-तीन दिवसांनी चालते. शेवटच्या फवारणीनंतर थांबायचे तर पिकलेले फळ झाडावरच जाते. शिवाय करडी बुरशी मोठी चतुर. एकाच गटातील औषध वारंवार मारले की ती त्याला दाद देईनाशी होते, असा अनुभव जगभरचा आहे. ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशीचा वापर, कुजलेली फळे आणि वाळलेली पाने दररोज वेचून शेताबाहेर टाकणे, झाडांत हवा खेळती ठेवणे या वाटा खऱ्या आहेत, मात्र त्यांना मजूर लागतात आणि मजुरी फळाच्या भावातून निघाली पाहिजे. रस्त्यावर गाडी थांबवून पेटीमागे दहा रुपयांची घासाघीस करणाऱ्याने हे गणित एकदा मांडून पाहावे.

आता बाटलीकडे वळू. हंगाम भरात आला की भाव कोसळतो, मार्चच्या उन्हात फळ लहान आणि मऊ येऊ लागते, आणि पुष्कळसा माल गर, जॅम, सरबत यांकडे वळतो. यात गैर काही नाही. प्रक्रियेला जाते ते सारे कुजकेच असते असे म्हणणे शेतकऱ्यावर आणि उद्योगावरही अन्याय करणारे आहे. लहान फळ जॅमला उत्तमच. पण एक गोष्ट खरी : अख्खे फळ खोटे बोलू शकत नाही, गर बोलू शकतो. फळ चिरडून, शिजवून, साखर घालून बाटलीत बंद केले की त्यात किती नासके होते हे डोळ्याला कळत नाही, आणि साखरेच्या गोडीत जिभेलाही कळत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत हाच प्रश्न टोमॅटोच्या केचपवरून उभा राहिला होता. कारखान्यांतून कुजक्या टोमॅटोंचा सर्रास वापर होत असे. १९०६ साली तेथे शुद्ध अन्नाचा कायदा झाला, पण कायदा लागू करायचा तर पुरावा हवा. तेथील कृषी खात्याच्या रसायन विभागातील बर्टन हॉवर्ड यांनी १९११ साली केचप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो पुरावा शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. बुरशी शिजवली की मरते, परंतु तिच्या तंतूंच्या भिंती चिवट असतात. उकळूनही त्या नाहीशा होत नाहीत. काचेच्या पट्टीवर गराचा ठराविक जाडीचा थर पसरायचा, सूक्ष्मदर्शकातून एकेक वर्तुळाकार क्षेत्र पाहायचे, आणि त्यात फार तर तीन तंतूंची मिळून लांबी क्षेत्राच्या व्यासाच्या एक षष्ठांशाहून अधिक भरली तर ते क्षेत्र बाधित धरायचे. शंभरातील किती क्षेत्रे बाधित, तो आकडा म्हणजे बुरशीची गणती. आरोपी मेला तरी त्याचा सांगाडा साक्ष देतो, अशी ही पद्धत. तिच्यात उणिवा आहेत. गर फार बारीक घोटला तर तंतूंचे तुकडे विखुरतात आणि आकडा फुगतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यावर आणि सवयीवरही बरेच अवलंबून असते. तरीही ही रीत एक शतकाहून अधिक काळ टिकली, कारण तिने कारखान्याच्या दारात फळ निवडणाऱ्या माणसाच्या कामाला आकडा दिला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा अपरिहार्य दोषांच्या मर्यादांची पुस्तिका लोकांसाठी खुली ठेवलेली आहे. गोठवलेल्या स्ट्रॉबेरीत बुरशीची सरासरी गणती ४५ टक्के वा अधिक, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक उपनमुन्यांत ५५ टक्के वा अधिक भरली, तर कारवाई. रासबेरी-ब्लॅकबेरीसारख्या फळांना ही मर्यादा सरासरी ६० टक्के. ही वाक्ये वाचून 'अमेरिकन लोक निम्मी बुरशी खातात' असा शोध लावणारे संदेश भ्रमणध्वनीवरून अधूनमधून फिरत असतात. तो शुद्ध गैरसमज आहे. ४५ टक्के म्हणजे फळाचा ४५ टक्के भाग बुरसटलेला असे नव्हे. शंभरपैकी पंचेचाळीस सूक्ष्म क्षेत्रांत तंतूंचा तुकडा आढळला, इतकाच त्याचा अर्थ. थोडेसे कुजके फळसुद्धा घोटल्यावर बऱ्याच क्षेत्रांत दिसते. त्याच पुस्तिकेतील दुसरी तरतूद मात्र आपल्याकडे कोणी पुढे पाठवत नाही : मर्यादेबाहेरचा माल चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणणे हा स्वतंत्र दोष मानला जातो, मग अंतिम गणती मर्यादेत बसली तरीही.

आपल्याकडेही हॉवर्डची गणती आली. २०११ च्या अन्न सुरक्षा नियमावलीत जॅम, जेली, मार्मालेड यांसाठी तपासलेल्या क्षेत्रांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रांत बुरशी नसावी अशी मर्यादा होती. टोमॅटोच्या प्युरी आणि पेस्टला ती ६० टक्के. पुढच्या दुरुस्त्यांत भर जिवंत सूक्ष्मजीवांच्या मोजणीवर आला. जिवंत बुरशी मोजणे आवश्यकच आहे. बाटली फुगणार की नाही, जॅमवर लव धरणार की नाही, ते त्यावरून कळते. पण उकळलेल्या गरात जिवंत बुरशी जवळजवळ उरत नाही. ती मोजणी कारखान्याची स्वच्छता सांगते, कच्च्या फळाची प्रत सांगत नाही. मेलेल्या तंतूंची साक्ष सोडून दिली, तर निवडणीच्या पट्ट्यावरचा हात ढिला पडायला कितीसा वेळ लागणार? दोन्ही गणत्या जोडीने चालल्या तर बिघडणार काहीच नाही. याच २०११ च्या नियमावलीत जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ असावे असे सांगताना स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला २५ टक्क्यांची सवलत होती, हेही जाता जाता नोंदवलेले बरे. बाटलीवरचे चित्र मात्र नेहमीच शंभर टक्के फळाचे असते.

उकळीने सगळेच मरते असेही नाही. बायसोक्लॅमिस नावाची मातीत राहणारी बुरशी आहे. तिचे बीजाणू साध्या पाश्चरीकरणाच्या तापमानाला दाद देत नाहीत. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात डबाबंद फळे विनाकारण नासू लागली, तेव्हा तिचा छडा लागला. मातीला टेकलेले, न धुतलेले फळ ही तिची वाट. आणि काही बुरशा विषही सोडतात. सफरचंदाच्या रसातील पॅट्युलिन या विषाला आंतरराष्ट्रीय मानकांत किलोमागे ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडेही तीच. ते सोडणारी पेनिसिलियम बुरशी मऊ फळांवरही येते. करडी बुरशी त्या जातीची विषारी नव्हे, परंतु एकदा फळाची साल फाटली की मागून कोण आत शिरले हे घरी कोण सांगणार?

म्हणूनच 'तेवढा भाग काढून टाका, बाकीचे चांगले आहे' ही काटकसर मऊ फळांना लावू नये. गाजर-कोबीसारख्या घट्ट जिनसांत बुरशी खोल जात नाही. स्ट्रॉबेरीत तंतू दिसतात त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. लव धरलेले फळ टाकावे, त्याला टेकलेली फळेही टाकावीत. उरलेली कोरडी आणि घट्ट असतील तर धुऊन त्याच दिवशी संपवावीत. घरी आणल्याबरोबर सगळी पेटी धुऊन ठेवणे हे तर बुरशीला निमंत्रण. धुवायचे ते खाण्याच्या वेळी. जॅमच्या तोंडावर पांढरा पापुद्रा धरला तर चमच्याने खरवडून उरलेला मुलांच्या डब्यात देऊ नये. हे आपल्या घरांना नवे शिकवावे लागते याचे नवल वाटते. लोणच्याच्या बरणीत ओला डाव घालायचा नाही, बरणी उन्हात तापवून घ्यायची, फोडी तेलाखाली बुडलेल्या हव्यात, तोंडाला दादरा बांधायचा : ज्या घरात आजीने हे सारे शिस्तीने पाळले, त्याच घरात आज जॅमच्या बाटलीत पावाच्या चुऱ्याने माखलेली सुरी फिरते. साखरेने पाणी बांधून ठेवावे आणि मिठाने बुरशीला रोखावे, हे शास्त्र एकच आहे. 'कमी साखरेचा' म्हणून कौतुकाने आणलेला जॅम तर लवकर बुरसटणारच, कारण राखणदारच कमी केलेला आहे.

एका बाबतीत बुरशी प्रामाणिक आहे, ती दिसते. २०१२ साली जर्मनीत चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीमुळे सुमारे अकरा हजार माणसे आजारी पडली, त्यांत शाळकरी मुले फार. ते कृत्य नोरोव्हायरसचे. फळावर ठिपकाही नव्हता. तेव्हा डोळ्याला सुंदर दिसणे हीच शुद्धतेची खूण मानणारी बाजारपेठ कोठवर विश्वासार्ह, हा विचार बुरशीच्या पलीकडचा आहे.

आपल्याकडे हे काम जमत नाही असे नाही. नाशिकच्या द्राक्षांना रसायनांच्या अंशांवरून युरोपात धक्के बसले, तेव्हा निर्यातीच्या बागांची नोंदणी, प्रयोगशाळेतील तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून उभी राहिली. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने तीत मोलाचा वाटा उचलला. शेतकरी तेच, माती तीच, अधिकारी आपलेच. रॉटरडॅमच्या ग्राहकाला द्राक्षाची बाग कळते; कोथरूडच्या ग्राहकाला स्ट्रॉबेरी कोणत्या दिवशी तोडली हेही कळत नाही. परदेशी गिऱ्हाइकाच्या नकाराची धास्ती घेऊन आपण चोख होतो आणि स्वदेशातील गिऱ्हाइकाला 'चालते' म्हणतो, ही सवय स्वाभिमानाला शोभणारी नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने पेटी विकायची, तर पेटीवर तोडणीची तारीख आणि गावाचे नाव छापणे ही त्या मानांकनाची किमान किंमत समजावी.

त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे शेताच्या जवळ, दोन-तीन गावांत मिळून एक, लहान शेतकऱ्यालाही परवडेल असे पूर्वशीतकरणाचे केंद्र. ते सहकारी संस्थेने चालवावे की शेतकरी कंपनीने, यावर सभा भरवायला हरकत नाही, पण हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि रोपे त्याच्या दोन-तीन महिने आधी लागतात. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून गाजलेल्या भिलारच्या परिसरात पर्यटकांसाठी निवासाच्या सोयी जोमाने वाढल्या. तोडणीनंतरचे पहिले चार तास फळाने कुठे काढायचे, एवढीच सोय अजून पुरेशी झालेली नाही.